वजन उतरलं, पण गळा सैल का पडला?

शिखरेवाडीच्या मैदानावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांमध्ये वजन उतरवलेली माणसं सहज ओळखू येतात. कमरेचा पट्टा चार भोकं आत गेलेला असतो, चाल हलकी झालेली असते, जिना चढताना लागणारी धाप गेलेली असते. तरीही नाशिकरोडच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘काय भाऊ, तब्येत बरी नाही का? शुगर निघाली की काय?’ बायकांच्या वाट्याला तर याहून थेट वाक्य येतं: ‘किती वाळलीस गं, चेहरा पार उतरला तुझा.’ बोलणाऱ्याची नजर तेव्हा पोटावर नसते, हनुवटीखाली गळ्यावर असते. तिथली कातडी सैल पडलेली असते, तीत दोन उभे दोर उमटलेले असतात आणि बघणारा तेवढ्यावरून आजारपणाचा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

वर्षभर तोंडावर ताबा ठेवलेल्या माणसाला हे बोलणं फार लागतं. ‘गालावर जरा मांस येऊ दे’ म्हणत काही जण पुन्हा खायला लागतात आणि सहा महिन्यांत जुन्या वजनावर येतात. रक्तदाब, साखर आणि गुडघे यांनी मिळवलेलं सगळं गळ्यापायी घालवायचं, हा फार तोट्याचा व्यवहार आहे. सैल कातडी कशामुळे पडते, किती आवळते, कशानं आवळत नाही आणि कुठं पैसे घालवू नयेत हे कळलं, तर तो टाळता येतो.

आपल्याकडे हा प्रश्न आताच इतका पुढे येण्याला कारण आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या आहारविषयक व्याख्यानांतून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवण्याची पद्धत गावोगाव नेली. कडक भूक लागेल त्या दोनच वेळा ओळखा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, हे तिचं सूत्र घराघरात पोचलं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळानं खाण्याचा सल्ला बरोबर की दीक्षितांचा, यावर लग्नाच्या पंगतीत वाद झडले. त्यानंतर वजन उतरवणारी इंजेक्शनं आली. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात विक्रीला आलं, आणि पूर्वी फक्त बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर दिसायची तशी घट औषधानं होऊ लागली. वजन झपाट्यानं उतरलं, की उतरलेला चेहरा आणि सुटलेला गळा आधी नजरेत भरतो.

पण गळाच का? मांडीची, दंडाची, पोटाची कातडीही सैल पडते, पण ती कपड्याखाली झाकलेली राहते. गळा उघडा असतो, आणि त्याची घडणच नाजूक आहे. इथली कातडी गालाच्या कातडीहून पातळ असते, तिच्यात तेलग्रंथी कमी असतात, म्हणून ती लवकर कोरडी पडते. कपाळाच्या कातडीला लगेच खाली हाडाचा आधार मिळतो. हनुवटीपासून कंठापर्यंत मात्र कातडीला टेकू देईल असं हाड नाहीच. कातडीखाली चरबीचा थर असतो आणि त्याखाली प्लॅटिस्मा नावाचा पापुद्र्यासारखा स्नायू. तो छातीच्या वरच्या भागातून निघून गळपट्टीच्या हाडावरून जबड्यापर्यंत पसरलेला असतो. आरशासमोर दात घट्ट आवळून ओठांचे कोपरे जोरात खाली ओढून पाहा. गळ्यावर जे दोर ताठ उभे राहतात, ते याच स्नायूचे काठ. भरलेल्या गळ्यात ते चरबीखाली दडलेले असतात. चरबी गेली की चेहरा स्वस्थ असतानाही दिसू लागतात.

कातडीच्या आतल्या थरात दोन प्रकारचे धागे काम करतात. कोलॅजन तिला बळकटी देतं आणि इलास्टिन ताणल्यावर परत जागेवर आणतं. कोलॅजन शरीर आयुष्यभर बनवत राहतं, पण फार सावकाश. कातडीतलं निम्मं कोलॅजन बदलायला सुमारे पंधरा वर्षं लागतात, शिवाय तरुणपण सरल्यावर त्याचं प्रमाण वर्षागणिक थोडं थोडं घटतं. इलास्टिनची गोष्ट याहून कठीण. ते बहुतांशी गर्भात आणि बालपणी तयार होतं आणि माणसाला जन्मभर पुरावं लागतं. एकदा तुटलेले त्याचे धागे पुन्हा पूर्वीसारखे विणले जात नाहीत. वर्षानुवर्षं वजन जास्त राहिलं, तर कातडी ताणलेली राहते आणि या धाग्यांची मांडणी बिघडते. खूप वजन उतरवलेल्यांच्या कातडीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कोलॅजन विरळ आणि इलास्टिनचे धागे तुटके आढळले. बाळंतपणानंतरचे सहा किलो उतरवणारी पंचविशीतली बाई आणि वीस वर्षं शंभर किलोवर राहून पंचावन्नाव्या वर्षी तीस किलो उतरवणारा गृहस्थ यांच्या गळ्यांची तुलना होऊ शकत नाही, ती यामुळेच.

कातडीला अनेक जण उशीच्या अभ्र्याची उपमा देतात. कापूस काढला की अभ्रा लोंबणारच, असं म्हणतात. अभ्रा मात्र आपणहून लहान होत नाही. कातडी जिवंत आहे, ती आकसते. वजन स्थिर झाल्यावर वर्ष-दीड वर्ष, क्वचित दोन वर्षंही हे आकसणं चालू राहतं. दहा-बारा किलो उतरवलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाचा गळा बऱ्याचदा तेवढ्या अवधीत आपोआप सुधारतो. वजनकाट्याचा आकडा आठवड्याला हलतो आणि कातडी वर्षाच्या हिशेबानं चालते. हा फरक आधी सांगितला गेला, तर अर्धी घबराट टळेल. वजन उतरवण्याचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकानं तो सांगितला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वयापुढे आपला इलाज चालत नाही. उन्हापुढे चालतो, पण तो आपण करत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं. त्यानं २८ वर्षं मालवाहू गाडी चालवली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू साधारण वयाला शोभेशी होती. खिडकीकडची डावी बाजू जाड, सुरकुतलेली, खाली ओघळलेली. काचेतून अतिनील किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे बहुतेक अडतात, ‘अ’ प्रकारचे मात्र आत येतात, कातडीत खोल शिरतात आणि कोलॅजन-इलास्टिनचे धागे तोडतात. नाशिक-पुणे रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या आपल्या माणसांना हेच ऊन उजवीकडून लागतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आपण उन्हाला घाबरतो, पण अतिनील किरण हिवाळ्यातल्या गार सकाळीही असतात. स्कूटरवरून जाणाऱ्या नाशिकच्या मुली चेहरा आणि गळा स्कार्फनं गुंडाळून घेतात, ते कातडीच्या दृष्टीनं अगदी शहाणपणाचं आहे. पुरुषांचा गळा आणि मानेची मागची बाजू मात्र कायम उघडी. निफाड-सिन्नरकडच्या शेतकऱ्यांच्या मानेवर मागे चौकटी चौकटींच्या खोल रेषा पडलेल्या दिसतात, त्या वर्षानुवर्षांच्या उन्हाच्याच. त्वचाशास्त्रात या खुणेला स्वतंत्र नाव आहे.

उन्हाच्या जोडीला तंबाखू आहे. सिगारेट असो, चुन्याबरोबर मळलेली असो की पहाटे दाताला लावलेली मिस्री असो, निकोटीन सगळ्यात आहे आणि ते कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. सिगारेटचा धूर तर कोलॅजनचा थेट नाश करतो. ताब्यात नसलेल्या मधुमेहात साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते आणि ते कडक, ठिसूळ होतात. म्हणजे साखर आटोक्यात आणणारं वजन उतरवणं हे उरलेल्या कातडीवर उपकारच करतं.

गळा सैल दिसला म्हणजे दर वेळी दोष कातडीचाच असतो असंही नाही. हनुवटीखालची कातडी चिमटीत धरून पाहा. पातळ घडी हातात आली तर ती कातडी. जाडसर, मऊ गोळा हातात आला तर चरबी अजून शिल्लक आहे. दात आवळल्यावरच बिघाड वाढत असेल तर काम स्नायूचं आहे. उपाय या तिघांचे वेगवेगळे आहेत, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इथंच, एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यामुळे.

आणखी एक गोष्ट लोकांना फार घाबरवते. चरबी कमी झाली की जबड्याच्या हाडाखाली दोन्ही बाजूंना सुपारीपेक्षा मोठ्या, मऊ गाठी हाताला लागतात. बहुतेकदा त्या जबड्याखालच्या लाळग्रंथी असतात. पूर्वीही होत्या, चरबीनं झाकलेल्या. दोन्हीकडे सारख्या असतात आणि वाढत नाहीत. पण एकाच बाजूची गाठ, टणक गाठ, दोन-तीन आठवड्यांत न जाणारी किंवा वाढणारी गाठ, गिळताना वर-खाली होणारी कंठाजवळची गाठ, बसलेला आवाज, संध्याकाळचा बारीक ताप यांतलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मानेतल्या गाठींचा क्षयरोग, म्हणजे आपल्याकडे जुने लोक ज्याला गंडमाळ म्हणत, तो अजून गेलेला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर बाजारातला तो प्रश्न खरा समजा. मधुमेह, थायरॉइड, क्षय, कर्करोग यांची तपासणी महापालिकेच्या बिटको रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आधी करून घ्या. गळ्याचं नंतर पाहता येईल.

याच गळ्यावर एक चांगली खूणही दिसते. लठ्ठपणात आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की मानेच्या घड्यांत काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा येतो. आया तो मळ समजून लहान मुलांची मान दगडानं घासतात आणि पोरं ओरडतात. तो मळ नसतो, घासून जात नाही. वजन आणि इन्सुलिन खाली आलं की तो हळूहळू फिका पडतो. सैल कातडी बघून खंतावलेल्या माणसानं मानेची मागची बाजूही एकदा आरशात बघावी.

आता उपायांकडे वळू. सुरुवात वजन उतरत असतानाच व्हायला हवी. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग बहुतेकांना मानवतो. त्याहून झपाट्यानं उतरलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. इंजेक्शनांच्या चाचण्यांत उतरलेल्या वजनाचा पाव ते सुमारे चाळीस टक्के हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा निघाला आहे. आपल्या लोकांसाठी ही बाब जास्त गंभीर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो तेव्हाही त्याच्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, ही याज्ञिकांची मांडणी जगभर मान्य झाली. मुळात कमी असलेला स्नायू उपाशी राहून आणखी घालवला, तर खांदे पडतात, गळपट्टीची हाडं वर येतात आणि सैल गळा दुप्पट सैल दिसतो.

म्हणून ताटात प्रथिनं हवीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरवताना आहारतज्ज्ञ साधारण १.२ ग्रॅम किंवा त्याहून थोडी जास्त सांगतात. साठ किलोच्या बाईला ती ७२ ग्रॅम झाली. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, आणि आपल्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम. दोनदाच जेवायचं आणि त्या दोन जेवणांत भाकरी-भाजीवर भागवायचं, असं केलं तर हिशेब जमत नाही. घट्ट डाळ, मटकीची उसळ, पिठलं, दही, शेंगदाणे, अंडी, मासे, चिकन, सोयाबीन, जे घरात चालतं ते दोन्ही जेवणांत भरपूर हवं. उपासाच्या दिवशीची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं मिळतात ती काय दाण्याच्या कुटातून. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. कोलॅजनची वीण पक्की व्हायला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. त्यासाठी रोज एक पेरू किंवा आवळा पुरे, महागड्या गोळ्यांची गरज नाही.

चालण्यानं हृदय सुधारतं, पण त्यानं खांदे भरत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम हवा. त्यासाठी जिम लागते असं नाही. भिंतीला हात टेकून मारलेले जोर, पाण्यानं भरलेल्या बाटल्या, रबरी पट्टे यांवरही सुरुवात होते. पाठ आणि खांदे भरले की मान सरळ राहते आणि हनुवटी पुढे झुकत नाही. मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या माणसाचा गळा आहे त्याहून वाईट दिसतो, हे कुणीही आरशात पडताळून पाहावं.

‘गळा आवळणारे’ म्हणून जे व्यायाम फिरतात, जीभ टाळूला लावा, छताकडे बघून चुंबन घेतल्यासारखं तोंड करा, त्यांनी कातडी आवळते याला भक्कम पुरावा नाही. प्लॅटिस्मा वारंवार ताणला तर ते उभे दोर उलट जास्त उठून दिसू शकतात. हनुवटीला बांधायचे पट्टे, दगडी रोलर, तुपाची मालिश यांचंही तसंच. मालिशेनं बरं वाटतं, कातडी मऊ होते, तेवढ्यासाठी जरूर करा. कोलॅजनची पावडर पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचते, तिचे तुकडे होतात. काही अभ्यासांत लवचीकपणात थोडा फरक दिसला आहे, पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांमागे पावडर विकणाऱ्यांचाच पैसा होता. महिन्याला त्यावर घालायचे पैसे अंडी आणि डाळीवर घातलेत तर जास्त पदरात पडेल.

क्रीमपैकी विचार करावा असं एकच, ट्रेटिनॉइन आणि त्याच्या जातकुळीतली औषधं. त्यांनी कोलॅजन थोडं वाढतं, बारीक सुरकुत्या कमी होतात. पण लोंबणारी कातडी त्यांनी वर चढत नाही, आणि गळ्याची कातडी नाजूक असल्यानं ती चटकन लाल होते, सोलते. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं, मटारच्या दाण्याएवढं, आठवड्यातून दोन रात्री अशी सुरुवात करावी लागते. गरोदरपणात ते वापरायचंच नाही. सनस्क्रीन मात्र सगळ्यांनी लावावं, एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि ते हनुवटीशी थांबवू नये. गळा, कानाखालचा भाग, मानेची मागची बाजू हे सगळं त्यात आलं.

मग यंत्रं. रेडिओफ्रीक्वेन्सी, बारीक सुयांमधून दिली जाणारी रेडिओफ्रीक्वेन्सी, केंद्रित अल्ट्रासाउंड. तिन्हींचं तत्त्व एकच, कातडीच्या खोल थराला मोजकी उष्णता द्यायची, म्हणजे तिथले धागे आकसतात आणि पुढच्या काही महिन्यांत नवं कोलॅजन तयार होतं. सौम्य ते मध्यम सैलपणात यांचा उपयोग होतो. वीस-पंचवीस किलो उतरवल्यानंतरची घडी त्यांनी जात नाही, आणि जाते असं सांगणाऱ्या दवाखान्यातून उठून यावं. आपल्या सावळ्या कातडीवर उष्णता किंवा लेझर चुकीच्या मात्रेत पडला तर काळे डाग उमटतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. यंत्र कुणाच्या हातात आहे हे म्हणूनच यंत्राइतकंच महत्त्वाचं. उभ्या दोरांसाठी बोट्युलिनमचं इंजेक्शन असतं, त्याचा परिणाम काही महिने टिकतो. अमेरिकेत या वापराला ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. चरबी विरघळवणारी इंजेक्शनं आणि लायपोसक्शन ही चरबी शिल्लक असलेल्यांसाठी. नुसती कातडी सैल असलेल्यानं ती केली तर गळा आणखी मोकळा पडतो.

खूप सैल कातडीवर खात्रीचा इलाज शस्त्रक्रियाच. तिचा विचार मनात आला की आपल्याकडे लोक कुजबुजतात, जणू काही परदेशी थेर. ज्या कौशल्यावर ही शस्त्रक्रिया उभी आहे, ते जगानं पाहिलं ते पुण्याजवळ. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकत असे. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानं पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवलं. मुंबईतल्या दोन इंग्रज वैद्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आलं. कारागिरानं मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो उलगडून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. पण दोन भुवयांच्या मधली पट्टी त्यानं कापली नाही. त्या पट्टीतून रक्त येत राहिलं, म्हणून वळवून खाली आणलेली कातडी जगली. जोड बसावा म्हणून पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या वर लावल्या, चौथ्या दिवशी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला ती मधली पट्टी कापली. हे वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात ही विद्या नव्यानं रुजली. स्वतंत्र भारतात प्लास्टिक सर्जरीचा पहिला वेगळा विभाग नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हीच विद्या कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे सुधारण्यासाठी वापरली. चेहरा नीट व्हावा असं वाटणं उथळ नाही, हे त्यांच्या रुग्णांकडे पाहून कुणालाही पटलं असतं.

सोडवलेल्या कातडीचं रक्त तुटता कामा नये, हा त्या कारागिराचा नियम गळ्याच्या आजच्या शस्त्रक्रियेतही तसाच लागू आहे. कानाच्या पुढून-मागून आणि हनुवटीखाली छेद घेतात, कातडी खालच्या थरापासून सोडवतात, प्लॅटिस्माचे सुटलेले काठ मध्ये आणून शिवतात आणि उरलेली कातडी काढून टाकतात. तंबाखू, विडी, गुटखा किंवा मिस्री चालू असेल तर रक्त आटतं आणि छेदाजवळची कातडी काळी पडून मरू शकते. म्हणून किमान चार आठवडे आधीपासून सगळं बंद लागतं, आणि बायकांनी मिस्रीची गोष्ट लाजून लपवू नये. पहिल्या चोवीस तासांत कातडीखाली रक्त साठण्याचा धोका असतो. दाढीमुळे रक्तपुरवठा जास्त असल्यानं पुरुषांत आणि रक्तदाब ताब्यात नसलेल्यांत तो अधिक. खालच्या ओठाची हालचाल सांभाळणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली तर ओठ वाकडा होऊ शकतो, बहुतेकदा तात्पुरता. कान टोचल्यावर किंवा लशीच्या जागी ज्यांना फुगीर व्रण आला आहे, त्यांनी तो सर्जनला आधी दाखवावा. वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना सांगावंच लागतं, कारण त्यानं जठर उशिरा रिकामं होतं.

खर्चाचाही विचार आधी करा. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आरोग्यविम्याच्या ठरलेल्या अपवादांत मोडते, त्यामुळे पैसे खिशातूनच जातात आणि ते लाखांच्या घरात असतात. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी कुणीही लावतं. विचारायचं ते एवढंच: प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे का. चांगला सर्जन हे विचारल्यावर रागावत नाही.

मधल्या काळात जगायचं कसं, याच्याही काही साध्या युक्त्या आहेत. सलूनमध्ये दाढी करताना कारागिराला अंगठ्यानं कातडी वर ताणून मग वस्तरा फिरवायला सांगा, सैल घडीवर तो सरळ फिरवला की कापतं. उन्हाळ्यात घडीत घाम साचतो, रात्री ती धुऊन कोरडी करा. मंगळसूत्र किंवा साखळी तिथं घासून पुरळ येत असेल तर काही दिवस लांब घाला. चेहरा फारच बदलला असेल आणि विमानतळावर अडवणूक होत असेल, तर चेहऱ्यातल्या बदलाच्या कारणावरून पासपोर्ट नव्यानं काढता येतो.

वजन उतरवलेलं कुणी तुम्हाला उद्या मैदानावर किंवा बिटको पॉइंटला भेटलं, तर कृपा करून ‘किती वाळलास’ म्हणू नका. गुडघे कसे आहेत, गोळ्या कमी झाल्या का, ते विचारा. आणि तुम्ही स्वतःच ती व्यक्ती असाल, तर वजन निदान सहा महिने एका जागी टिकू द्या, शक्य तर वर्षभर कातडीची वाट बघा. त्यानंतरही गळा मनाला लागत असेल, तर कुणाचीही परवानगी न मागता शिकलेल्या प्लास्टिक सर्जनची वेळ घ्या. मात्र गळा भरावा म्हणून पुन्हा जाड होऊ नका.